एक्झिट कोड १३

सोमवारी जावा या प्रोग्रामिंग भाषेचं प्रॅक्टिकल आणि शुक्रवारी रात्री इक्लिप्स, म्हणजे जावाचे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, उघडेना. मैत्रिणीकडून पेनड्राइव्हवर आणलेली त्याची २०१८ ची 'फोटॉन' आवृत्ती. प्रोग्राम ३२ किंवा ६४ बिटचे असे येतात, ही ६४ बिटची. डबल क्लिक केलं की लांबलचक मजकुराची एक चौकट यायची : जावा सुरू झाली, पण एक्झिट कोड १३ देऊन परतली. फोल्डर पुसून झिप पुन्हा उघडली, दोनदा. तेच.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. खाली टॉवेलचे माग, वर आम्ही. साडेदहाला लाइट गेली, मागांची खडखड थांबली. लॅपटॉप बॅटरीवर होता. तोवर मी तेराचा आकडा दिसला की ओके दाबत होते. आता स्क्रीनवरचं कापसाचं तूस बोटाने पुसत एकेक ओळ वाचली. जावा कोणत्या फोल्डरमधून घेतली, ते तिथेच लिहिलेलं होतं! कमांड प्रॉम्प्टवर जावाची आवृत्ती विचारली, तर उत्तरात ६४ बिटचा उल्लेखच नाही. म्हणजे ती ३२ बिटची. एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्राममध्ये, ३२ आणि ६४ बिटचा कोड एकत्र चालत नाही, म्हणून इक्लिप्स अडत होतं.

ही जावा आली कुठून? अप्पांच्या डिजिटल सहीसाठी कधीतरी टाकून घेतलेली. मी अनइन्स्टॉलवर जाणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "ते काढू नको बाळ, उद्या टेंडर भरायचंय." बरं झालं त्यांनी अडवलं.

मग मोबाइलच्या नेटवर ६४ बिटच्या जेडीके ८ ची (जावाच्या आठव्या आवृत्तीच्या संचाची) झिप उतरवली आणि सी ड्राइव्हवर उघडली. तरीही तेरा! विंडोज प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतं त्या यादीतली, म्हणजे 'पाथ'मधली, जुनीच जावा इक्लिप्स उचलत होतं. शेवटी इक्लिप्सच्या फोल्डरमधली इक्लिप्स डॉट आयएनआय ही सेटिंगची फाइल नोटपॅडमध्ये उघडली. एका ओळीवर '-व्हीएम', तिच्या खालच्या ओळीवर नव्या जावातल्या 'जावाडब्ल्यू' या प्रोग्राम फाइलचा पूर्ण पत्ता. आधी दोन्ही एकाच ओळीत लिहिलं, चाललं नाही. शिवाय या दोन ओळी फाइलमधल्या '-व्हीएमआर्ग्ज' या ओळीच्या वर हव्यात, कारण तिच्या खालचं सगळं जावाकडे जातं. खाली लिहिल्या तर इक्लिप्स त्या स्वतःसाठी धरतच नाही. अलीकडच्या इक्लिप्सबरोबर जावा सोबतच येते, तिथे सहसा एवढं करावं लागत नाही.

सेव्ह करून डबल क्लिक. निळी चौकट आली, वर्कस्पेस, म्हणजे कामाचा फोल्डर, कुठे ठेवायचा ते विचारलं. मी अप्पांना हाक मारली.

सकाळी त्यांनी डिजिटल सहीचं टोकन, ते यूएसबीचं उपकरण, लावून पाहिलं. तेही चाललं.