वळूची मान आणि उपाशी यकृत

इंदूरमध्ये आमच्या शेजारच्या गोठ्यात एकाच वयाचे दोन माळवी नर आहेत. एकाचे खच्चीकरण लवकर झाले, दुसरा वळू म्हणून राखला गेला, आणि त्या वळूची भरदार मान व वशिंड पाहिले की टेस्टोस्टेरॉन या नर-संप्रेरकाचे काम वेगळे सांगावे लागत नाही. स्नायुतंतूंची संख्या मात्र बहुतांशी जन्माआधीच ठरते. पुढे वाढते ती त्यांची जाडी. पिट्यूटरी ग्रंथीतील वाढीचे संप्रेरक यकृताला आयजीएफ-१ हे वाढीला चालना देणारे प्रथिन तयार करायला लावते आणि त्याच्या प्रभावाने स्नायूंत प्रथिने साठतात. खरी मेख येथेच आहे: उन्हाळ्यात नुसत्या गव्हाच्या भुसकटावर ठेवलेल्या जनावराच्या रक्तात वाढीचे संप्रेरक उलट वाढते, पण उपाशी यकृत त्याला दाद देत नाही, आयजीएफ-१ घटते आणि पुठ्ठे बसतात. सरकीची पेंड व थोडा भरडा मिळाला, की कोठीपोटातील जंतू अधिक प्रोपिओनेट (एक स्निग्धाम्ल) बनवतात, त्यापासून यकृत ग्लुकोज तयार करते, इन्सुलिन वाढते आणि प्रथिनांची झीज मंदावते. म्हणूनच पेंडीत काटकसर करून टॉनिकच्या बाटल्या आणणे मला, स्पष्टच सांगतो, पटत नाही. बेल्जियन ब्लू या गोवंशाच्या जातीची अफाट अंगलट ही खुराकाची नव्हे, तर स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकातील बिघाडाची करामत असून तो बिघाड 1997 मध्ये उघड झाला.