आमची वाटचाल: अपडेट झालं म्हणजे साफ झालं असं नव्हे

वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर बनवलेल्या साइट्सची देखभाल करणारी आमची फर्म सुरू झाली २०१५ मध्ये, आणि सुरुवातीलाच समोर आलेल्या एका प्रकरणाने पुढची दिशा ठरवून टाकली. त्या एप्रिलमध्ये वर्डप्रेस ४.२ आली आणि चारच दिवसांत, २७ तारखेला, ४.२.१ ही सुरक्षा आवृत्ती काढावी लागली. फिनलंडच्या योउको प्युन्नोनेन यांनी दाखवून दिलं होतं की ६४ केबीपेक्षा लांब प्रतिक्रिया टाकली की फिल्टर पूर्ण मजकूर तपासून तो निर्धोक ठरवतो, पण मायएसक्यूएल या डेटाबेसच्या रकान्यात मावत नाही तेवढं शेपूट साठवताना कापलं जातं. कापल्यामुळे टॅग, म्हणजे पानाची रचना सांगणारी खूण, अर्धवट राहतो आणि त्यातून स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) जिवंत होते. ॲडमिनने, म्हणजे साइटचे सगळे अधिकार असलेल्याने, लॉगिन असताना ते पान उघडलं की ती त्याच्या अधिकाराने चालते, संपली गोष्ट.

माझा तेव्हाचा भागीदार रात्रभर तो बदल वाचत बसला होता. सकाळी त्याने एवढंच सांगितलं, "तपासलेला मजकूर आणि साठवलेला मजकूर एकच असतो असं धरून चालू नकोस." आजही नव्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो.

त्याची कोड वाचायची पद्धत वेगळी होती. बहुतेक जण फॉर्मपासून सुरुवात करतात, म्हणजे माहिती कुठून येते ते आधी बघतात. तो उलटा जायचा. थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइल्सच्या) फोल्डरमध्ये ग्रेप हे मजकूर शोधायचं साधन चालवायचा, प्रत्येक इको, म्हणजे पानावर काही छापणारी ओळ, शोधायचा आणि त्यातल्या व्हेरिएबलचा माग काढत मागे मागे जायचा. वाटेत एस्क_एचटीएमएल, एस्क_ॲटर, एस्क_यूआरएल यातलं, छापण्याआधी मजकूर निर्धोक करणारं, एखादं फंक्शन भेटलं की थांबायचं, न भेटता थेट डेटाबेसपर्यंत पोचलो की वहीत नोंद करायची. पुढे तो चांगल्या नोकरीवर गेला. ती वही मात्र माझ्याकडे राहिली. त्यातली सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद म्हणजे सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्डवर विसंबलेला कोड. हे फंक्शन टॅग काढतं, अवतरणचिन्हं तशीच ठेवतं. असा 'साफ' मजकूर एचटीएमएल ॲट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत अवतरणचिन्हांत लिहायच्या माहितीत) छापला की एका अवतरणचिन्हाने ॲट्रिब्यूट बंद होतो आणि पुढे ऑनमाउसओव्हर (माउस वर नेला की चालणारा कोड) येऊन चिकटतो. एकही टॅग न लिहिता स्क्रिप्ट चालते. तसंच, लिंकच्या पत्त्यावर एस्क_ॲटर लावून काम झालं असं समजणारे कितीतरी प्लगइन (वर्डप्रेसला जोडायची छोटी सॉफ्टवेअर) आम्ही पाहिले. जावास्क्रिप्टने सुरू होणारा पत्ता त्यातून बिनबोभाट जातो, तिथे एस्क_यूआरएलच लागतो.

मधली वर्षं सुरळीत गेली. कामं वाढली, माणसं वाढली.

मग ती थीम आली. नाव घेत नाही. देखणी होती, विक्री जोरात होती, आणि सोबत स्लायडरचं, म्हणजे सरकत्या चित्रांचं, एक प्लगइन आतच बांधून दिलेलं होतं. आमच्या बऱ्याच ग्राहकांनी ती आमच्याकडे येण्याआधीच घेतलेली होती. एका मासिकाच्या साइटवरून तक्रार आली की मोबाइलवर वाचणाऱ्याला भलत्याच पानावर नेलं जातंय. संपादकबाईंना स्वतःला काही दिसेना, कारण त्या कायम लॉगिन असायच्या, आणि असा कोड लॉगिन असलेल्याला मुद्दाम काही दाखवत नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाने डेटाबेस धुंडाळल्यावर ऑप्शन्सच्या (साइटच्या सेटिंग्जच्या) तक्त्यात, थीमच्या 'कस्टम सीएसएस'मध्ये, म्हणजे पानाची सजावट लिहायच्या जागेत, तो सापडला. स्टाइलचा टॅग मध्येच बंद करून पुढे स्क्रिप्ट चिकटवलेली होती.

ती ओळ आम्ही काढली. काढतानाही अक्कल लागते, हे जाता जाता सांगतो. थीमच्या सेटिंग्ज सीरियलाइझ करून, म्हणजे एका सलग मजकुरात बांधून, ठेवलेल्या असतात आणि प्रत्येक मजकुराआधी त्याची बाइटमधली लांबी लिहिलेली असते. थेट एसक्यूएलने (डेटाबेसच्या भाषेने) मधला तुकडा उडवला की लांबी जुळत नाही, पीएचपीला, म्हणजे वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिला, तो ऐवज वाचता येत नाही आणि थीमच्या सगळ्या सेटिंग्ज गायब होतात. पीएचपीमधूनच उघडा, बदला, परत जतन करा.

काही दिवसांत तोच कोड परत आला. पुन्हा काढला, पुन्हा आला. त्याच थीमच्या आणखी काही साइट्सवर हेच सुरू झालं. नेमक्या याच वेळी दुसऱ्या एका एजन्सीने साइटच्या तळाशी असलेल्या आमच्या नावावरून आमचे ग्राहक शोधले आणि एकेकाला कळवलं, की वारंवार संसर्ग होतोय तो देखभाल करणाऱ्यांकडूनच, काम चालू राहावं म्हणून. सोबत फुकट स्कॅनचा अहवाल, वर हिरवी खूण. निम्म्याहून अधिक ग्राहक गेले. त्या एजन्सीने थीम अपडेट केली, फाइल्स नव्याने टाकल्या, पासवर्ड बदलले आणि 'साइट शंभर टक्के सुरक्षित' असं प्रमाणपत्र दिलं. तो स्कॅनर फाइल्स बघत होता. कोड फाइलमध्ये नव्हताच, तो डेटाबेसमध्ये होता. पुढे त्यांच्याकडच्या साइट्सही पुन्हा भरकटू लागल्या, तेव्हा दोष होस्टिंगवर ढकलला गेला. आमच्यावर केलेला आरोप मात्र कुणी मागे घेतला नाही. ते आजही मनात आहे.

मासिकाच्या संपादकबाई थांबल्या. त्यांनाही तो अहवाल आला होता. त्यांनी तो जसाच्या तसा मला पाठवला आणि फोनवर म्हणाल्या, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण नेमकं काय होतंय ते मला समजेल असं सांगा." होस्टिंगकडून ॲक्सेस लॉग, म्हणजे कुठल्या पत्त्यावरून कुठलं पान मागवलं गेलं याची नोंद, मागवायला त्यांनीच पत्र दिलं. तो लॉग मिळाला नसता तर आमची फर्म आज नसती.

लॉगमध्ये तीन ओळी लागोपाठ होत्या, तिन्ही एकाच पत्त्यावरून, आणि तो पत्ता बाईंच्या संगणकाचा. पहिल्या ओळीत एका मसुद्याचं प्रीव्ह्यू उघडलेलं. दुसऱ्या ओळीत थीमच्या सेटिंगचं पान मागवलेलं. तिसऱ्या ओळीत ॲडमिन-एजॅक्सला पोस्ट, म्हणजे सेटिंग जतन. वरवर पाहता बाईंनीच बदल केल्यासारखं दिसत होतं. पण रेफरर, म्हणजे ती विनंती कुठल्या पानावरून आली तो पत्ता, बघा. माणूस सेटिंग जतन करतो तेव्हा रेफररमध्ये सेटिंगच्याच पानाचा पत्ता असतो. इथे शेवटच्या दोन्ही ओळींत रेफरर त्या मसुद्याच्या प्रीव्ह्यूचा होता. मसुद्यातली स्क्रिप्ट बाईंच्या ब्राउझरमध्ये चालली, तिने सेटिंगचं पान मागवून त्यातला नॉन्स, म्हणजे सेटिंग जतन करायला लागणारा गुप्त संकेत, उचलला आणि बाईंच्या अधिकाराने कोड लिहिला. लॉगिनची ओळख ठेवणारी कुकी चोरायची गरजच पडली नाही. लॉगिनची कुकी एचटीटीपी-ओन्ली असते, जावास्क्रिप्टला ती वाचता येत नाही, असं म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

तो मसुदा बरेच दिवस न वापरलेल्या एका लेखकाच्या कॉन्ट्रिब्युटर खात्यातून आला होता. या भूमिकेला लेख प्रसिद्ध करता येत नाही, कच्चं एचटीएमएलही टाकता येत नाही, केसेस हा वर्डप्रेसचा फिल्टर ते गाळतो. पण स्लायडरचा शॉर्टकोड, म्हणजे पानावर स्लायडर आणणारा छोटा संकेत, चौकटी कंसात असतो. केसेसच्या दृष्टीने ते साधं वाक्य. त्या शॉर्टकोडच्या शीर्षकात एक अवतरणचिन्ह होतं, पुढे ऑटोफोकस आणि ऑनफोकसची (पान उघडताच आपोआप कोड चालवणारी) जोडी आणि त्यापुढे कॅरेक्टर कोडच्या, म्हणजे अक्षरांऐवजी लिहिलेल्या, आकड्यांची लांबच लांब रांग. 'स्क्रिप्ट' हा शब्द कुठेच नव्हता, म्हणून आमच्या शोधात तो मसुदा आला नव्हता. बाई दर आठवड्याला प्रलंबित लेख चाळायच्या आणि दर आठवड्याला तो कोड नव्याने लिहिला जायचा. थीम अपडेट करणं म्हणजे घरात चोर असताना दाराला नवं कुलूप लावणं.

मी त्यांना हे समजावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे लेख वाचणं हाच धोका?" वाचणं नव्हे, ॲडमिनच्या खात्यातून वाचणं. त्याच दिवशी त्यांचं संपादनासाठी वेगळं, एडिटरचं खातं केलं. एडिटरलाही अनफिल्टर्ड, म्हणजे न गाळलेल्या, एचटीएमएलची मुभा असते, म्हणून ती बंद करणारा डिसअलाउ_अनफिल्टर्ड_एचटीएमएल हा कॉन्स्टंटही कॉन्फिग फाइलमध्ये घातला.

थीम बनवणाऱ्यांना आम्ही सविस्तर अहवाल पाठवला: कुठली फाइल, कुठला इको, काय लावायला हवं. उत्तर आलं की यासाठी लॉगिन लागतं, सबब हा दोष नाही. ज्या प्रणालीत बाहेरच्या लेखकांना खातं देणं हेच अपेक्षित आहे, तिथे हे उत्तर चालत नाही. वर्डफेन्ससारख्या सुरक्षा कंपन्या अशा कॉन्ट्रिब्युटर पातळीच्या स्टोअर्ड एक्सएसएसला (साठवलेल्या मजकुरातून स्क्रिप्ट चालू देणाऱ्या दोषाला) सहसा दहापैकी ६.४ गुण देतात, सीव्हीई हा दोषांच्या जागतिक यादीतला क्रमांकही मिळतो. पुढच्या आवृत्तीत नेमक्या आम्ही दाखवलेल्या जागी एस्क_ॲटर आला. चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, लिहिलं होतं, 'किरकोळ सुधारणा'. आमचं नाव नसलं तरी चाललं असतं. पण 'सुरक्षा' हा एक शब्द लिहिला असता, तर ती थीम वापरणाऱ्या हजारो लोकांनी अपडेट पुढे ढकललं नसतं आणि डेटाबेसही तपासला असता.

आणि हे एका थीमपुरतं नाही. २०१९ मध्ये युझो रिलेटेड पोस्ट्स या प्लगइनमध्ये इज_ॲडमिन या फंक्शनने अधिकार तपासला होता. ते फंक्शन विनंती ॲडमिनच्या भागातली आहे का एवढंच सांगतं, माणूस ॲडमिन आहे का ते सांगत नाही. कुणीही लॉगिनशिवाय सेटिंगमध्ये स्क्रिप्ट लिहू शकत होतं आणि लोकांनी ती लिहिली. २०२३ मध्ये न्यूजपेपर थीमसोबत येणाऱ्या टॅगडिव्ह कंपोझर या प्लगइनमधून बलाडा इंजेक्टर या हल्ला-मोहिमेने हजारो साइट्स धरल्या, तिथेही कोड ऑप्शन्सच्या तक्त्यातल्या सीएसएसमध्येच बसला होता. लाइटस्पीड कॅश या प्लगइनची दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, तरी २०२४ च्या वसंतात जुन्या आवृत्त्यांवर हल्ले चालू होते आणि साइट्सवर नवे ॲडमिन तयार होत होते. या बातम्या वाचताना मला दर वेळी लॉगमधल्या त्या तीन ओळी आठवतात.

हे वाचणारे बहुतेक जण या धंद्यातलेच असणार, म्हणून न विचारता सांगतो. थीमसोबत बांधून आलेल्या प्लगइनचं अपडेट बहुधा आपोआप येत नाही, थीमवाल्याने दिलं तरच मिळतं, तेव्हा त्यांची यादी वेगळी ठेवा. बंद केलेलं प्लगइन काढून टाका. जुनी लेखक-खाती दर तिमाहीला बघा. अपडेटनंतर ऑप्शन्स, पोस्ट्स आणि मेटा या तक्त्यांत नुसता 'स्क्रिप्ट' शोधू नका, ऑन-ने सुरू होणारे इव्हेंट आणि आकड्यांच्या लांब रांगाही शोधा, मसुदे आणि रिव्हिजन (लेखांच्या जुन्या प्रती) यांच्यासकट. ॲडमिन वापरकर्त्यांची यादी काढून मालकासमोर एकेक नाव वाचा.

मासिक आजही आमच्याकडेच आहे. गेलेल्यांपैकी काही परत आले, त्यांना आम्ही घेतलं. नव्या ग्राहकाकडे मात्र कामाआधी डेटाबेसची प्रत आणि किमान ९० दिवसांचा ॲक्सेस लॉग मागतो. होस्टिंगवाले तो लवकर पुसतात, म्हणून रोज बाहेर उतरवून घेण्याची सोय आम्ही पहिल्या दिवशीच लावून देतो. लॉग द्यायला जो तयार नसतो, त्याचं काम आम्ही घेत नाही.