काय काय लावलंय?

"काका, गाडीत काय काय लावलंय?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतोच. पेट्रोल पंपावर येतो, इंदूरच्या छप्पन दुकानला पोहे खाताना येतो, एकदा तर खजराण्याच्या गणपतीला रांगेत पुढच्या माणसाने मागे वळून विचारलं, कारण त्याने मला पार्किंगमध्ये उतरताना पाहिलं होतं. माझी जिप्सी आहे, मारुतीची, १९९८ ची, पांढरी. जुनी जिप्सी म्हटली की लोक धरूनच चालतात की लिफ्ट असणार, म्हणजे गाडी उंच केलेली, मोठे टायर असणार, गेला बाजार रुतलेली गाडी ओढून काढायचं एक विंच तरी असणार. मी म्हणतो, काही नाही लावलंय, होतं तेच काढलंय. मग समोरचा हिरमुसतो, नाहीतर त्याला वाटतं म्हातारा सांगत नाहीये. परवा तुम्ही भाच्याचे चौघे मित्र नवीन घेतलेल्या तुमच्या जुन्या जिप्सीच्या बॉनेटवर बसून "टाळू नका, नीट सांगा" म्हणालात, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल जरा.

गाडी मी २०१६ ला घेतली. एमपी ०९ चाच नंबर, म्हणजे आपल्या इंदूरचीच. माझ्या आधी तीन मालक. पहिले कोण ते कळलं नाही, दुसरे देपालपूरकडचे एक शेतकरी, ते हिच्यात खताची पोती न्यायचे, आणि तिसरा विजयनगरचा एक मुलगा, चांगला होता बिचारा, फक्त हौस भारी. शेतकरीदादांनी मागे दोन्ही बाजूंना स्प्रिंगचा एकेक पाटा जास्तीचा टाकून घेतलेला, आणि उरलेलं सगळं त्या मुलाने. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला टांगणारी कडी), २३५/७५ चे दातेरी मड टायर, चाकं बाहेर काढायला ॲल्युमिनियमचे स्पेसर, पुढे बुलबार, म्हणजे लोखंडी नळ्यांचं कुंपण, त्यावर चार दिवे, आणि काचेच्या बाजूने वर गेलेला काळा स्नॉर्केल, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारी नळी. मी बघितली आणि खलास. पंचेचाळिशीत होतो पण अक्कल तुमच्याच वयाची. या लावलेल्या सामानाचे मी वरती पैसे दिले, हे सांगताना आता लाज वाटते, कारण पुढची पाच वर्षं तेच सामान काढण्यात गेली.

पहिला झटका बसला महू रोडला. राऊच्या पुढे साठच्या स्पीडला गाडी एका खड्ड्यातून गेली आणि स्टिअरिंगच्या जे काही अंगात आलं ते विचारू नका, असं घुमायला लागलं की हातात धरवेना, डॅशबोर्डवरचा मोबाईल खाली, शेजारी आई बसलेली, तिने डोळे मिटून अथर्वशीर्ष सुरू केलं. तीसच्या खाली स्पीड आल्यावर गाडी आपोआप शांत, जसं काही झालंच नाही. मग महिनाभर मी चार गॅरेज फिरलो. एकाने बॅलन्सिंग केलं, एकाने अलाइनमेंट, तिसऱ्याने टायरॉडची, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याची, टोकं बदलली, चौथ्याने स्टिअरिंगचे धक्के खाणारा डॅम्पर बसवायला लावला. डॅम्परने दोन महिने बरं वाटलं. ताप आला की क्रोसिन घेऊन ऑफिसला जावं तसं.

शेवटी महूला एका वयस्कर मिस्त्रीकडे गेलो, सगळे त्यांना उस्तादच म्हणतात, आयुष्य जिप्सीखाली गेलेलं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढचं चाक जॅकवर घेतलं, बारा आणि सहाच्या जागी दोन हातांनी धरून हलवलं. टकटक खेळ लागला, म्हणजे चाक सैल हलत होतं. मला म्हणाले ब्रेक दाबून बसा, आणि परत हलवलं. ही ट्रिक पाठ करून ठेवा, फुकटची आहे. ब्रेक दाबल्यावर डिस्क कॅलिपरमध्ये घट्ट होते, म्हणजे चाक आणि नकल (चाकासकट वळणारा भाग) एकत्र बांधले जातात, मग खेळ गायब झाला तर व्हील बेअरिंग गेलंय, आणि ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर किंगपिनचं बेअरिंग गेलंय. माझा खेळ तसाच राहिला. उस्ताद हात पुसत म्हणाले, "गाडी बिगड़ी नी है भिया, इसको सुधारा बहोत है."

म्हणजे काय ते त्यांनी अर्धं सांगितलं, अर्धं मला नंतर गाडीखाली झोपून कळलं. किंगपिन म्हणजे ज्याच्याभोवती पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती खुंटी, वर एक खाली एक, आणि दोघींना छोटी टेपर बेअरिंग. स्पेसर लावून चाक बाहेर काढलं की त्याच बेअरिंगवर लांब दांड्याने जोर दिल्यासारखं होतं, त्यात जड टायर, म्हणजे बेअरिंग लवकर बसणारच. ते झालं एक. दुसरं शॅकलचं. जिप्सीच्या पुढच्या पाट्याची शॅकल पुढच्या टोकाला असते. ती लांब केली की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, त्याच्याबरोबर अख्खा ॲक्सल, दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, पुढे झुकतो, आणि किंगपिनला मागच्या बाजूला जो थोडासा कल दिलेला असतो, कॅस्टर म्हणतात त्याला, तो कमी होतो. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असतो ना, तुम्ही दोन्ही हात सोडून सायकल चालवू शकता त्यात त्याचाही हात असतो, चाक स्वतःच सरळ यायला बघतं. तो कल घालवला की चाकाला सरळ राहायची आठवणच राहत नाही. आता तिन्ही एकत्र करा, सैल बेअरिंग, जड चाक आणि कमी कॅस्टर, वरून एक खड्डा. घुमणारच.

मी पिथमपूरला एका कारखान्यात क्वालिटीत आहे, त्यामुळे हे मला लगेच पटलं. आमच्याकडे एका पार्टमध्ये एकाच वेळी तीन बदल कुणी केले तर माल रिजेक्ट का झाला ते ब्रह्मदेवाला सापडत नाही. उस्ताद म्हणाले आधी गाडी कंपनीसारखी करून आणा, मग काय लावायचं ते बोलू.

टायरचा हिशोब मी त्याच रात्री वहीवर केला. माझं मॉडेल जिप्सी किंग, त्याचा कंपनीचा टायर २०५/७० आर १५, त्याची उंची येते साधारण ६६८ मिलिमीटर. माझ्यावरच्या २३५/७५ ची ७३३. म्हणजे जवळजवळ दहा टक्के जास्त, मीटर साठ दाखवतोय तेव्हा गाडी सहासष्टला पळतेय. आणि गिअर सगळे तेवढेच लांब झाले. माझं इंजिन कार्बोरेटरचं, १२९८ सीसी, साठ हॉर्सपॉवर, तेही नवीन असताना, ते बिचारं चढावर दुसऱ्यात रडायचं ते उगाच नाही. ब्रेक तेच, फिरणारं वजन जास्त. बरं, उंचीचा फायदा तरी किती? दोन इंच लांब शॅकलने गाडी उचलली जाते एकच इंच, कारण पाट्याचं एकच टोक सरकतं, आणि वर जाते ती बॉडी. डिफरन्शियलचा गोळा, ॲक्सलच्या मधला गिअरचा, जो दगडाला आपटतो, तो आहे तिथेच. तो फक्त टायरने वर येतो, माझ्या केसमध्ये सव्वा इंच. सव्वा इंचासाठी एवढी यातायात.

आईने मात्र हा हिशोब वहीशिवाय केला होता. तिचा गुडघा गेलेला, गाडी उंच असल्यामुळे तिला चढताच यायचं नाही, म्हणून आम्ही मागे एक प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन फिरायचो, राजवाड्याला उतरायचं तरी आधी स्टूल उतरायचं. लोकमान्य नगरच्या आमच्या गल्लीत हा चेष्टेचा विषय झाला होता.

काढायला सुरुवात केली ती बुलबारपासून, कारण २०१८ ला रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं होतं (१५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं) आणि बुलबार बेकायदेशीर आहेत, कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना २०१७ च्या डिसेंबरमध्ये कळवलं होतं. पुढे जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालणार नाही. तुम्ही म्हणाल रस्त्यावर हजार गाड्या तशा फिरतायत. फिरतायत, पण अपघात झाला की इन्शुरन्सवाला आधी टायर बघतो. आणि रिन्यूअलची फी पण बघून ठेवा, २०१८ ला ६०० होती, २०२३ ला मी ५००० भरले, आणि २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,००० झालेत.

सगळ्यात मजा स्नॉर्केलची. बुलबार गेल्यावर मी बॉनेटच्या बाजूने तो उघडला, बघतो तर आत काहीच नाही! नळी फेंडरच्या पत्र्यावर नुसती स्क्रू आणि सिलिकॉनने चिकटवलेली, पत्र्याला भोकसुद्धा नाही. आत इंजिनवर कंपनीचा एअर क्लीनर काढून रेसिंगचा शंकूवाला फिल्टर, उघडाच, बॉनेटमधली तापलेली हवा ओढणारा. त्या मुलाने याच भरवशावर चोरल नदी पार केल्याचे फोटो मला दाखवले होते. पाणी त्या शंकूपर्यंत आलं असतं तर सिलिंडरमध्ये गेलं असतं, आणि पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन जागेवर संपतं. नशीब त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं. मूळ एअर क्लीनरचा डबा शोधायला मला सात महिने लागले.

पाट्यांचं काम मी घरी केलं, रविवारी-रविवारी, आणि खरं सांगू का, सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. जिप्सी म्हणजे टणक, हाडं खिळखिळी करते, असं सगळे म्हणतात. चारही बाजूंना पाटेच आहेत, मऊ कुठून असणार. पण वीस वर्षांत पाट्यांच्या मधे गंज धरतो, ते एकमेकांवर सरकायचे बंद होतात, आणि मग चार-पाच पाट्यांचा एकच जाड लोखंडी ठोकळा होतो. मी यू-बोल्ट सोडले, सेंटर बोल्ट काढला (क्लॅम्प लावून हळूहळू सैल करा, पाटे उसळतात, हनुवटी सांभाळा), शेतकरीदादांचा जास्तीचा पाटा बाजूला ठेवला, प्रत्येक पाटा वायर ब्रशने चकचकीत घासला आणि ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बांधले, शॅकलची रबरं नवीन. एका बाजूला एक अख्खा रविवार, म्हणजे चार रविवार. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन "झालं का?" विचारायचे. झाल्यावर त्यांनाच पहिली चक्कर दिली, पलासियापर्यंत काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं.

किंगपिनची बेअरिंगं सियागंजच्या बाजारातून आणली, बसवली उस्तादांनीच, ते काम मी नाही केलं आणि तुम्हीही पहिल्यांदा एकट्याने करू नका. शिम, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या, कमी-जास्त करून त्याचा ताण बसवायचा असतो. टायरॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून ओढायचं, नकल दीड किलोच्या आसपास हलायला लागलं की बरोबर. स्टिअरिंग डॅम्पर त्याच दिवशी काढून टाकला. २०५ चे टायर, ओरिजिनल शॅकल. तेव्हापासून जाम गेटच्या घाटातून, महेश्वरपर्यंत, खड्ड्यातून, सगळीकडून जाऊन आलो, स्टिअरिंगच्या अंगात परत आलं नाही.

"पण काका, चिखलात?" हो, चिखल. आपल्याकडे म्हणतात ना, मालव भूमि गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर. जुलैत त्या पग पग नीरमध्ये गाडी घालून बघा. ते मड टायर असतानाच मी सांवेरकडे मित्राच्या शेतात असा रुतलो होतो की ट्रॅक्टर बोलवावा लागला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि डिंकासारखी चिकटते, टायरच्या दातांमधल्या फटी दोन चक्करमध्ये भरून जातात, मग कुठला मड टायर आणि कुठला गुळगुळीत, चाकाच्या जागी मातीचं मोठ्ठं गाडगं फिरत असतं. दात साफ व्हायला चाक जोरात फिरवावं लागतं, आणि जोरात फिरवलं की ते खाली खणत जातं. आता मी पावसानंतर दोन दिवस ऊन पडू देतो, मग जातो. जायचंच असेल तर गाडी बांधावर सोडून पायी.

जाता जाता, तुमच्यातला एकजण म्हणाला शहरातसुद्धा फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, लावून ठेवतो, ग्रिप मिळते. नको रे बाबा. जिप्सीला मधला डिफरन्शियल नाही, पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो, ओल्या मातीत टायर घसरून हिशोब जुळवतात, कोरड्या डांबरावर तो ताण ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या शाफ्टना ताकद वाटणारा गिअरबॉक्स) साठत जातो, आणि मग लिव्हर अडकलं म्हणून तुम्ही मलाच फोन करणार.

तर लावलंय काय? खरं सांगायचं तर दोन गोष्टी. हेडलाइटला रिले, म्हणजे मूळ स्विचच्या इशाऱ्यावर जास्त करंट सोडणारा वेगळा स्विच, कारण कुणीतरी १००/९० वॉटचे बल्ब टाकून सगळा करंट मूळ स्विचमधून नेला होता, स्विच अर्धा वितळलेला मिळाला मला. बल्ब ६०/५५ चे परत लावले, बॅटरीपासून जाड वायर आणि रिले, उजेड आधीपेक्षा जास्तच पडतो. आणि दुसरी, ॲक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या भोकाला, रबरी नळी जोडून ती वर नेऊन ठेवली. लांब पळून तापलेला ॲक्सल गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेते, डिफरन्शियलचं तेल दूध घातलेल्या चहासारखं होतं. तेवढ्याला चार हात नळी पुरते.

स्पेसर अजून गच्चीवर पडलेत, आईने त्यांच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय. दोघाजणांनी विकत मागितले, मी दिले नाहीत.