मोनो लेक: लॉस एंजेलिसहून उलटी आलेली कावड

कॅलिफोर्नियातल्या टायोगा घाटातून, जवळपास १०,००० फुटांवरून, गाडी खाली उतरू लागली आणि एका वळणावर मोनो लेकचं निळं पाणी दिसलं. "मामा, हेच ते," भाचा म्हणाला. मी खिडकीतून वास घेत होतो. आम्ही अकोल्याची माणसं. खारं सरोवर म्हटलं की आम्हाला लोणारचा वास आठवतो. इथे तो बेताचाच.

पाण्यात हात घातला आणि ओळख पटली. रिठ्याच्या पाण्यासारखा तोच बुळबुळीतपणा. बायको नको नको म्हणत असताना बोट चाटलं. समुद्राहून अडीचपट खारट, वर सोड्याचा कडवटपणा. दिवसभर जिभेवरून जाईना.

काठावरचा काळा पट्टा मला चिखल वाटला. निघाल्या माश्या! पाय टाकला की पट्टा दुभंगतो, अंगावर एकही बसत नाही. अंगाभोवती हवेचा बुडबुडा घेऊन त्या पाण्याखाली उतरतात. इथले मूळचे कुत्झाडिका लोक त्यांचे कोष खात. या पाण्यात मासा नाही; माश्या आणि इवलीशी झिंगी, एवढ्यावर लाखो पक्षी पोसले जातात.

१९४१ पासून लॉस एंजेलिसने या सरोवराला मिळणारे ओढे शहराकडे वळवले. चाळीस वर्षांत पाणी ४५ फूट खाली गेलं, खारटपणा दुप्पट झाला. नेगिट बेटावर कुरव पक्ष्यांची वसाहत होती. पाणी हटून बेट काठाला जोडलं गेलं आणि १९७९ मध्ये कायोटी, म्हणजे कोल्ह्याचेच भाऊबंद, चालत घरट्यांपर्यंत पोहोचले.

त्याआधीच, १९७८ मध्ये, डेव्हिड गेन्स नावाच्या पक्षी-अभ्यासकाने मित्रांना घेऊन मोनो लेक कमिटी काढली होती. हा माणूस गावोगाव स्लाइड दाखवत फिरला. पुढे सायकलवाले लॉस एंजेलिसच्या पाणीखात्याच्या दारातल्या हौदाचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून साडेतीनशे मैलांवरच्या या सरोवरात आणून ओतू लागले. श्रावणात गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी अकोल्याच्या राजेश्वराच्या देवळात आणणाऱ्या कावडी पाहत मी वाढलो, मला हे लगेच कळलं. पाणी किती, हा प्रश्नच नसतो.

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरोवर ही जनतेची ठेव आहे, सरकार तिचं नुसतं विश्वस्त. गंमत म्हणजे १९९६ च्या डिसेंबरात, बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात, आपल्या सुप्रीम कोर्टाने याच निकालाचा आधार घेतला. लोणारकडच्या माणसाला हे कॅलिफोर्नियात येऊन आठवावं!

पाणी किती राखायचं याचा आदेश १९९४ मध्ये निघाला: समुद्रसपाटीपासून ६,३९२ फूट. गेन्सला तो पाहायला मिळाला नाही. १९८८ च्या जानेवारीत मोटार अपघातात तो गेला. वीसेक वर्षांत पातळी गाठू, असा तेव्हाचा हिशेब होता. अजून गाठलेली नाही.

संध्याकाळी आम्ही दक्षिण काठावरच्या चुनखडीच्या पांढऱ्या सुळक्यांत फिरलो. सगळी गर्दी तिथेच, माझेही साठेक फोटो तिथलेच. भाच्याने मग सांगितलं, हे सुळके पाण्याखालीच तयार होतात. तळाच्या झऱ्यातला कॅल्शियम सरोवराच्या पाण्याला भिडला की चुना साचत जातो. म्हणजे मी ज्याचे फोटो काढत होतो तो उघडा पडलेला तळ होता. आदेशाप्रमाणे पाणी चढलं तर काठाजवळचे बरेच सुळके पुन्हा बुडतील.

"मग फोटो कसले काढायचे?" बायकोने विचारलं. भाचा गाडीची किल्ली शोधत होता.