हजेरीपुस्तकातला कामगार

मुंबईतल्या कापडगिरण्यांची जुनी लेबले आणि हजेरीपुस्तके समोर ठेवून मी शिळाछापाची, म्हणजे दगडावर काढून कागदावर छापायची, चित्रे करतो. ती पाहणारे बहुतेक जण विचारतात, की गिरणगावावर काम करता, मग चित्रात कामगार का दिसत नाही? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गिरणीच्या ज्या कागदांवर मी काम करतो, त्यांत कामगाराचा चेहरा नाही. ताक्यावर चिकटवायचे रंगीत लेबल घ्या. मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाबरोबर ही रीत इथे रुळली आणि आपल्या गिरण्यांनीही ती उचलली; गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसली तरी हत्ती, वाघ किंवा लक्ष्मी पाहून त्याने माल ओळखावा, हा त्यामागचा रोकडा हिशेब. माझ्याकडच्या एका गजलक्ष्मीच्या लेबलावर कमळाचा गुलाबी रंग पाकळीच्या रेषेबाहेर केसभर सरकला आहे, कारण शिळाछपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि दर वेळी कागद नेमका त्याच जागी बसवणे हे कसबाचे काम असते. देवीच्या मुकुटावरची सोनेरी भुकटी आता काळवंडली आहे. छापणाऱ्याच्या हाताची एवढी तरी खूण तिथे सापडते. ज्या साचेवाल्याने ते कापड विणले आणि ज्या बायकांनी वाइंडिंग खात्यात त्याचे सूत गुंडाळले, त्यांचा मात्र मागमूस नाही.

ती माणसे भेटतात हजेरीपुस्तकात. नंबर, नाव, खाते, पाळी आणि पुढे महिन्याच्या दिवसांचे बारीक रकाने. त्यांत बदली कामगाराची ओळ लगेच ओळखू येते: एखाददुसरी खूण, मग रिकामे रकाने, मग पुन्हा एक खूण. रोज गिरणीच्या दाराशी उभे राहायचे आणि कायम कामगारांपैकी कोणी आले नाही तरच आत जायचे, असे ते जिणे. ही ओळ मी खुणांची जागा न हलवता दगडावर उतरवतो. नावे गाळतो, कारण ती छापण्याची परवानगी त्यांच्या घरच्यांनी मला दिलेली नाही. खुणांवर मात्र सोनेरी भुकटी लावतो, लेबलात देवीच्या मुकुटाला असे तशीच.

चेहरे रंगवण्याला माझा विरोध नाही. सुधीर पटवर्धन यांनी आपल्या चित्रांत या शहरातला कष्टकरी माणूस वर्षानुवर्षे रंगवला. २००१ मधले त्यांचे ‘लोअर परळ’ मला फार मोलाचे वाटते. पण माझ्यासमोर माणूस नाही, कागद आहे. त्यावरून मी पिळदार दंड आणि उंचावलेली मूठ काढू लागलो, तर तो कामगार पोस्टरातला होईल. (तशी पोस्टरे आपल्याकडे पुष्कळ आहेत.)

काही जण सुचवतात, की गिरणी कामगारांच्या संपाच्या महिन्याचे पान करा: १८ जानेवारी १९८२ पासून सगळे रकाने कोरे, चित्र आपोआप होईल. कल्पना आकर्षक आहे, आणि विकलीही जाईल. पण त्या महिन्याचे हजेरीपुस्तक माझ्या हाती लागलेले नाही. लागले तर जरूर छापीन. तोवर कोऱ्या कागदावर ती तारीख घालून तो भिंतीवर लावणे मला पटत नाही.