ब्रेलमधला शास्त्रपाठ

आज चर्चमधल्या उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ मावशींनी वाचला. त्यांना दिसत नाही. बोटं ब्रेलवरून फिरत होती आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा १२ वा अध्याय, तोच 'शरीर एक, अवयव अनेक, आणि प्रत्येकाची गरज' सांगणारा, मागच्या बाकापर्यंत खणखणीत पोचत होता. माईक बंद होता. (आमचा माईक नाताळलाच चालतो.)

नंतर एका पाहुण्यांनी मावशींच्या डोक्यावर हात ठेवून दृष्टीसाठी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. विचारलं नाही, काही नाही. मावशींनी ऐकून घेतलं, आमेन म्हटलं आणि म्हणाल्या, "पायऱ्या चढताना तुम्हाला धाप लागली होती. मी करू का तुमच्यासाठी प्रार्थना?" मला हसू आवरेना.

आपल्या मंडळीत अपंग माणूस म्हणजे प्रार्थनेचा विषय, फार तर डबा पोचवायचा पत्ता. पंडिता रमाबाईंना स्वतःला कमी ऐकू यायचं. त्यापायी इंग्लंडमध्ये डॉक्टरकीचा बेत सोडावा लागला. त्याच रमाबाईंनी केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं केलं, आणि तिथल्या अंध मुलींना त्यांच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, ब्रेल शिकवलं. यात मदत घेणारं कोण आणि देणारं कोण, सांगा बरं!

पाळकसाहेबांकडे रॅम्पचा विषय काढलाय. नुसता दाराशी नको, वेदीपाशीही हवा. मावशी म्हणतात, "मला पायऱ्या पाठ आहेत रे. व्हीलचेअरवाल्या भाऊंना गायकगटात यायचंय, त्यांचं बघ आधी." ज्यांना खर्चाची काळजी आहे, त्यांनी कमिटीच्या मीटिंगला या. इथे कमेंटमध्ये नको.