कापसाच्या हंगामात चालू सर्व्हर दुसऱ्या होस्टवर नेताना: माझा अनुभव

आमची जिनिंग-प्रेसिंग यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की फाटकापासून थेट डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि मेटॅडोर उभे असतात. गाडीचं भरलेलं वजन, रिकामं वजन, काटापट्टी, शेतकऱ्याचं पेमेंट, १७० किलोच्या गाठींचा हिशेब, सरकीची विक्री, सगळं एका विंडोज सर्व्हरवर चालतं. हा सर्व्हर म्हणजे उबुंटू २०.०४ (लिनक्स) च्या होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, केव्हीएम या लिनक्सच्या सोयीने चालणारी एक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक. ऐन हंगामात त्या होस्टचा पॉवर सप्लाय कुरकुरायला लागला. उबुंटू २४.०४ टाकलेला नवा होस्ट शेजारच्या रॅकमध्ये तयार होता, पण काटाघरातल्या काकांनी मला आधीच बजावलं होतं, "भाऊ, काटा बंद नोका करू. गाड्या पार रोडवर गेल्या हायेत."

काकांचं म्हणणं रास्त होतं. रात्रभर थंडीत ट्रॉलीवर बसून आलेल्या माणसाला "सर्व्हर बंद आहे" हे सांगणं मला मान्य नव्हतं. व्हीएमची डिस्क चारशे जीबीची. गिगाबिट नेटवर्कवरून ती नुसती कॉपी करायलाच तासाभराच्या वर वेळ जातो, आणि रात्री काटा खरोखर रिकामा असतो तो त्याहून कमी. म्हणून लाइव्ह मायग्रेशन, म्हणजे व्हीएम चालू असतानाच तिची मेमरी आणि डिस्क दुसऱ्या होस्टवर पाठवायची.

खरी व्हीएम हलवण्याआधी मी तशाच मांडणीची एक रिकामी चाचणी व्हीएम जुन्या होस्टवर उभी केली. हे करायलाच हवं. चुका कुठे निघणार ते तिथेच कळलं.

पहिली अडचण फर्मवेअरची. फर्मवेअर म्हणजे संगणक सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम. आमची व्हीएम यूईएफआय प्रकारच्या फर्मवेअरवर बूट होते, आणि क्यूईएमयूमध्ये, म्हणजे व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, त्यासाठी ओव्हीएमएफ नावाचं फर्मवेअर वापरतात. त्याच्या दोन फाइली असतात. एक कोडची, ती फक्त वाचायची असते आणि सगळ्या व्हीएमना सामाईक असते. दुसरी व्हेरिएबल्सची, तिची प्रत्येक व्हीएमसाठी वेगळी प्रत निघते आणि बूटचा क्रम, सिक्युअर बूटच्या किल्ल्या असं सगळं तिच्यात राहतं. जुन्या होस्टवर हे फर्मवेअर २ एमबीचं होतं: कोड १९,६६,०८० बाइट, व्हेरिएबल्स १,३१,०७२ बाइट. नव्या उबुंटूच्या पॅकेजमध्ये २ एमबीचं फर्मवेअर नाहीच, तिथे फक्त ४ एमबीचं आहे: कोड ३६,५३,६३२ बाइट आणि व्हेरिएबल्स ५,४०,६७२ बाइट. त्यामुळे व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये, म्हणजे तिची मांडणी सांगणाऱ्या नोंदीत, लिहिलेली कोडची फाइल नव्या होस्टला सापडेना.

यावर एक सल्ला सर्रास दिला जातो: जुन्या नावाची सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं नुसतं नाव) करा आणि ती ४ एमबीच्या फाइलकडे वळवा. चाचणी व्हीएमवर मी तेही करून पाहिलं. फाइल सापडली, मायग्रेशन सुरू झालं आणि लगेच कोसळलं. पहिल्या फ्लॅशचा, म्हणजे फर्मवेअरच्या कोडचा, आकार जुळत नाही, असा निरोप आला. कारण सरळ आहे. चालू व्हीएमसाठी फर्मवेअर हाही मेमरीचाच एक तुकडा असतो. मायग्रेशनमध्ये रॅमसोबत तोही पलीकडे जातो, आणि पलीकडे त्याच्यासाठी बरोबर तेवढीच जागा लागते. नाव सारखं करून आकार सारखा होत नाही. मायग्रेशन फसलं तेव्हा चाचणी व्हीएम जुन्या होस्टवर जशीच्या तशी चालू राहिली. ते पाहून मला धीर आला.

मी सिमलिंक काढून टाकली आणि जुन्या होस्टवरच्या २ एमबीच्या दोन्ही फाइली, कोड आणि व्हेरिएबल्सचा साचा, नव्या होस्टवर त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाने ठेवल्या. दोन्हीकडचा चेकसम, म्हणजे फाइल तंतोतंत तीच आहे हे सांगणारा आकडा, जुळवून घेतला. व्हीएमची स्वतःची व्हेरिएबल्सची फाइल वेगळी न्यावी लागत नाही. तिचा मजकूर मायग्रेशनसोबतच जातो आणि पलीकडच्या फाइलमध्ये लिहिला जातो.

दुसरी अडचण प्रोसेसरची, आणि वेळ खरा हिने घेतला. जुना होस्ट इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीचा झिऑन, नवा त्यानंतरच्या कॅस्केड लेक पिढीचा. नवा प्रोसेसर जुन्याचं सगळं करू शकेल असं कुणालाही वाटेल. पण नव्या होस्टने साफ नकार दिला: एचएलई आणि आरटीएम ही दोन फीचर्स इथे नाहीत. ही टीएसएक्सची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामांचे मेमरीतले बदल जलद उरकण्याच्या इंटेलच्या सोयीची, फीचर्स. २०१९ मध्ये टीएसएक्सशी जोडलेली एक सुरक्षा-त्रुटी उघड झाली, आणि तेव्हापासून ज्या प्रोसेसरवर ते बंद करता येतं तिथे लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ते सहसा बंद ठेवतं. ब्रॉडवेलवर ते तसं बंद होत नाही. आमच्या व्हीएमला सीपीयू 'होस्ट-मॉडेल' दिलेला होता, म्हणजे सुरू होताना जुन्या प्रोसेसरमध्ये जे जे दिसलं ते सगळं तिने उचललं, ही दोन फीचर्सही. चालू व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये ही पूर्ण यादी दिसते. साठवलेल्या व्याख्येत मात्र नुसतं 'होस्ट-मॉडेल' एवढंच लिहिलेलं असतं. म्हणून मायग्रेशनच्या आधी चालू एक्सएमएलच वाचावं.

नव्या होस्टच्या कर्नलला टीएसएक्स सुरू करायला सांगता आलं असतं. मी ते केलं नाही. आमच्या वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरला या फीचर्सची गरज नाही, आणि गरज नसलेल्या गोष्टीसाठी सगळ्या शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक असलेल्या मशीनवर दार उघडं ठेवणं चूक आहे.

राहिला एकच मार्ग: व्हीएमला ठरावीक नावाचा सीपीयू देणं. मी टीएसएक्स नसलेलं ब्रॉडवेल मॉडेल निवडलं. ते दोन्ही होस्टला चालतं का, हे लिबव्हर्ट या व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सीपीयू-तुलनेच्या कमांडने दोन्हीकडे तपासलं. पण हा बदल चालू व्हीएमला लागू होत नाही, आणि विंडोजमधून रीस्टार्ट करूनही होत नाही, कारण तेव्हा क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहते. व्हीएम पूर्ण बंद करूनच पुन्हा सुरू करावी लागते. काकांना विचारून मी रात्रीची शेवटची ट्रॉली काट्यावरून उतरल्यावरची वेळ घेतली. काही मिनिटांचंच काम. लाइव्ह मायग्रेशन जमणार की नाही हे व्हीएम सुरू होते त्या क्षणीच ठरून जातं. कमांड आपण नंतर देतो एवढंच.

बाकीचं पटकन उरकलं. मशीन टाइप, म्हणजे व्हीएमला दिसणारा आभासी मदरबोर्ड, क्यू-३५ ची ४.२ आवृत्ती होती. नवं क्यूईएमयू ८.२ ती ओळखतं, त्यामुळे तिला हात लावला नाही. व्हीएमला नेटवर्कशी जोडणाऱ्या ब्रिजचं नाव दोन्हीकडे एकच ठेवलं, फायरवॉलमध्ये मायग्रेशनसाठी ४९१५२ ते ४९२१५ हे पोर्ट उघडले, नव्या होस्टवर तेवढ्याच आकाराची रिकामी डिस्क बनवली. काट्याच्या इंडिकेटरची सिरियल केबल काटाघरातल्या संगणकाला लागते, होस्टला नाही, हे आमचं नशीब. होस्टच्या मागे लावलेली केबल व्हीएमसोबत पलीकडे जात नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, काटा सुरू असताना, कमांड दिली. आधी डिस्क गेली, मग मेमरी. मेमरीची जी पानं (तुकडे) मधल्या काळात बदलत होती ती पुन्हा पुन्हा गेली. मी काटाघराच्या खिडकीशी फोन धरून एका पोराला उभं केलं होतं. शेवटच्या क्षणी पडदा जरासा अडखळला आणि पावती निघाली. "निघाली पट्टी, दादा, पुढची गाडी घेऊ काय?" असं तो विचारत होता आणि व्हीएम नव्या होस्टवर चालत होती.

तिथेच थांबून चालत नाही. स्थलांतरित व्हीएम रॅमसोबत आलेल्या फर्मवेअरवरच चालत राहते. नव्या होस्टवरची फाइल वाचली जाते ती व्हीएम पूर्ण बंद होऊन पुन्हा सुरू होईल तेव्हा. ती फाइल तोवर कुणी हलवली असेल, तर मायग्रेशन झाल्यानंतर कित्येक दिवसांनी, वीज गेल्याच्या रात्री, सर्व्हर उठणार नाही. म्हणून त्याच आठवड्यात एका रात्री मी व्हीएम मुद्दाम पूर्ण बंद करून सुरू केली. विंडोज नीट आलं. कॉपी केलेल्या फाइलींची यादी आणि चेकसम होस्टवरच एका नोंदीत लिहून ठेवले, म्हणजे माझ्यानंतर बसणारा माणूस त्या फालतू समजून उडवणार नाही.

जुन्या होस्टचा पॉवर सप्लाय बदलला आणि त्याच्यावरही उबुंटू २४.०४ टाकलं. आता व्हीएम दोन्ही बाजूंनी जाते-येते. ४ एमबीच्या फर्मवेअरवर तिला मे महिन्यात नेईन, जिनिंग बंद असते तेव्हा. त्यासाठी व्हेरिएबल्सची फाइल नव्याने बनवावी लागते, बूटचा क्रम पुन्हा लावावा लागतो, आणि ते काम गाड्या रांगेत उभ्या असताना करायचं नाही.